बोलवणाऱ्याचंच तोंड बांधलं तर?

आमची मावशी खानापूर तालुक्यातली. तिला सांधेवात आहे, म्हणजे वयामुळं गुडघे झिजतात तो नव्हे, डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. सकाळी उठली की तास-दीड तास बोटं मिटत नाहीत, मनगटं टम्म, भाकरी थापायची म्हटलं तर डोळ्यात पाणी. दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासायला बेळगावला येते आणि मी लॅबमध्ये कामाला आहे त्यामुळं सुई टोचायचं पाप माझ्याच हातून होतंय.

मागच्या खेपेला रिपोर्ट बघून तिनं विचारलं, हे सीआरपी वाढलंय म्हणजे काय झालंय. मी आपलं जमेल तसं सांगितलं की सांध्यात बाहेरचा शत्रू कोणी नाही, तरी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं जाऊन गर्दी करतात, आपल्याच सांध्याला शत्रू समजून तोडफोड करतात, म्हणून सूज, म्हणून दुखणं, आणि तो सगळा गोंधळ या आकड्यात दिसतोय. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण त्यास्नी तिथं बोलवालाय कोण?"

मी म्हटलं, बोलवणारी प्रोटीनं असतात, सांध्यातल्याच पेशी ती सोडतात.

"मग त्या बोलवणाऱ्याचंच तोंड बांधा की! मला कशाला एवढ्या गोळ्या गिळायला लावालायसा?"

आता गंमत बघा. मावशी चौथी शिकलेली, पण जगातल्या मोठमोठ्या औषध कंपन्यांना १९९० च्या दशकात जी आयडिया सुचली आणि जिच्यामागं त्यांनी बेसुमार पैसा घातला ती तंतोतंत हीच. बोलवणाऱ्याचं तोंड बांधा. काही ठिकाणी ती इतकी भारी चालली की विचारू नका, आणि सांधेवातात मात्र दणकून आपटली. का आपटली हे मला तिथं उभ्या उभ्या सांगता येईना, कारण मागं पंधरा पेशंट रांगेत होते, म्हणून आता बसून लिहितोय.

त्या बोलवणाऱ्या प्रोटीनांना केमोकाइन म्हणतात. अगदी बारकी प्रोटीनं, सत्तर ते शंभर अमिनो आम्लांची माळ, बस्स. माणसाच्या शरीरात अशी पन्नासच्या आसपास आहेत आणि त्यांना ओळखणारे रिसेप्टर, म्हणजे पेशीच्या अंगावरचे कान म्हणा, वीसच्या आसपास. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड यातच आहे. पन्नास हाका, वीस कान. म्हणजे एक कान चार-पाच हाकांना ओ देतो आणि एक हाक दोन-तीन कानांना ऐकू जाते. नावं भयानक आहेत, सीसीएल-२, सीएक्ससीएल-८ अशी, टेलिफोन नंबरासारखी, पाठ करायची गरज नाही. शेवटचं अक्षर एल असलं तर हाक आणि आर असलं तर कान, एवढं कळलं तरी पुरे.

हाक म्हणजे नेमकं काय हे समजायला आपल्या बेळगावच्या सेंट्रल बसस्टँडवर या. मावशीला कन्नड वाचता येत नाही. बसवरच्या पाट्या तिच्या काही कामाच्या नाहीत (या विषयावर मी इथं काही बोलणार नाही, बोललो तर लेख तिकडंच जाईल). ती काय करते, कान देऊन उभी राहते. कंडक्टर "खानापूर खानापूर नंदगड" ओरडला की त्या आवाजाच्या दिशेनं निघते, आवाज मोठा होत गेला म्हणजे बरोबर चाललोय, लहान झाला म्हणजे चुकलो. शेजारी दुसरा "निपाणी कोल्हापूर" म्हणून घसा फोडत असतो पण तो तिच्यासाठी नाही, ती ढिम्म हलत नाही.

पांढरी पेशीही तशीच. तिला पाटी वाचता येत नाही, डोळे नाहीत, नकाशा नाही. तिच्या अंगावर ज्या हाकेचा कान आहे तीच हाक तिला ऐकू येते, आणि हाक जिकडं दाट तिकडं ती सरकते. या कामात ती इतकी तयार असते की तिच्या पुढच्या टोकाला आणि मागच्या टोकाला केमोकाइनचा एक-दोन टक्के फरक असला तरी तिला दिशा कळते. पेशीची लांबी मिलिमीटरचा शंभरावा भाग, आणि तेवढ्यात एक-दोन टक्के. मी रोज मायक्रोस्कोपखाली न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींतलीच एक जात) मोजतो, काचेवर मेलेल्या, निळ्या-जांभळ्या रंगवलेल्या, आणि हे वाचल्यापासून त्यांच्याकडं बघायची नजरच बदललीय.

पण एक शंका येईल. रक्त तर वाहतंय, मग हाक वाहून जात नाही का? ओढ्यात शाई सोडली तर ती एका जागी थोडीच राहणार. तर केमोकाइन मोकळं फिरत नाही, रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर साखरेच्या लांब लांब साखळ्यांचं शेवाळासारखं अस्तर असतंय, त्याला ते चिकटून बसतंय. पलीकडं जखम झाली की तिथल्या पेशी केमोकाइन सोडतात, ते भिंतीतून अलीकडं येऊन या अस्तरावर लागतंय. न्यूट्रोफिल रक्तातून वाहत येते, सुजलेल्या भागातली भिंत जरा चिकट झालेली असते त्यामुळं तिचा वेग कमी होतो, ती भिंतीला घासत घासत घरंगळते, आणि तेवढ्यात तिच्या कानाला केमोकाइन लागलं की तिच्या अंगावरचे हूक फटदिशी उघडतात. ती घट्ट चिकटते, चपटी होते, दोन पेशींच्या फटीतून पलीकडं निसटते आणि हाकेच्या दिशेनं चालायला लागते. चालत्या बसमधून दांडी पकडून उतरणारी कॉलेजची पोरं आठवा. ही दांडी पकडायची गोष्ट पण ध्यानात ठेवा, शेवटाकडं लागणार आहे.

काटा मोडला की दुसऱ्या दिवशी पू होतो ना, तो पू म्हणजे अशा आलेल्या आणि तिथंच कामी आलेल्या न्यूट्रोफिलांचा ढीग. शरीर दिवसाला साधारण दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करतं, त्यामुळं मनुष्यबळाची चिंता नाही. त्यांना बोलवणारं मुख्य केमोकाइन १९८७ साली सापडलं, त्याला तेव्हा इंटरल्यूकिन-८ म्हणायचे, तेच आताचं सीएक्ससीएल-८. म्हणजे ही सगळी विद्या माझ्या थोरल्या भावाच्या वयाची आहे, फार जुनी नाही.

तर हाक वाईट नाही, हाक नसती तर काट्यानंही माणूस मेला असता. भानगड तेव्हा होते जेव्हा जखम नसताना, शत्रू नसताना हाक चालूच राहते. मावशीच्या सांध्यात तेच चाललंय. आलेल्या पेशी स्वतःच आणखी केमोकाइन सोडतात, त्यानं आणखी पेशी येतात, त्या आणखी सोडतात. सोरायसिसमध्ये कातडीत हेच, आतड्याच्या क्रोन्स डिसीजमध्ये हेच, धूम्रपानानं खराब झालेल्या फुफ्फुसात हेच. आणि त्यावर आजवरचा उपाय काय, तर स्टेरॉईडसारखं औषध, जे सगळ्या स्टँडलाच कर्फ्यू लावतं. गर्दी कमी होते, पण शाळेची पोरं पण घरात आणि पोलीसही घरात, मग चोरांचं फावतं. म्हणून वाटलं की नेमक्या एका कंडक्टरचं तोंड बांधलं तर बाकी शहर चालू राहील आणि तेवढीच गाडी रिकामी जाईल. कागदावर एकदम झकास.

आधी जिथं हे जमलं ते सांगतो.

एचआयव्हीपासून सुरू करावं लागेल, आणि बेळगाव-बागलकोट-विजापूर पट्ट्यातल्या माणसाला एचआयव्ही म्हणजे काय हे सांगायला नको, दोन-अडीच दशकांपूर्वी आपल्याकडं गावंच्या गावं धास्तावलेली होती. १९९५ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गॅलोंच्या लॅबमध्ये असं दिसलं की शरीरातलीच तीन केमोकाइन एचआयव्हीला पेशीत शिरू देत नाहीत. आता केमोकाइनचा आणि विषाणूचा काय संबंध? १९९६ मध्ये उलगडा झाला. एचआयव्हीला पेशीत शिरायला एक कडी पुरत नाही, दोन लागतात, आणि दुसरी कडी म्हणजे केमोकाइनचा कान, बहुतेक वेळा सीसीआर-५. हाक ऐकायचा कान हा चोरानं दरवाजा म्हणून वापरला. खऱ्या केमोकाइननं तो कान भरून टाकला की विषाणूला जागा नाही.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट कळली. काही माणसं एचआयव्हीच्या वारंवार संपर्कात येऊनही कोरडी राहत होती. त्यांच्यातल्या काहींच्या सीसीआर-५ च्या जीनमधून ३२ अक्षरं जन्मतःच गळालेली होती, आईकडूनही तसाच जीन, बापाकडूनही तसाच, त्यामुळं पेशीवर तो कानच नाही. उत्तर युरोपातल्या लोकांत शंभरात एखादा असा निघतो, आपल्याकडं जवळजवळ नाहीच. आणि ही माणसं चारचौघांसारखी धडधाकट जगतात! म्हणजे एक कान पूर्ण बंद केला तरी चालतंय, हे निसर्गानंच करून दाखवलेलं. (अगदी फुकट नाही, वेस्ट नाईल नावाच्या मेंदूवर जाणाऱ्या विषाणूपुढं ही माणसं जास्त त्रास काढतात, पण तो आपल्या रस्त्यातला विषय नाही.) यावरून सीसीआर-५ बंद करणारी गोळी निघाली, मॅराविरॉक, २००७ मध्ये अमेरिकेत मंजूर. त्याच साली बर्लिनमध्ये टिमोथी रे ब्राउन नावाच्या पेशंटला ब्लड कॅन्सरसाठी बोन मॅरो बदलायचा होता, डॉक्टरांनी मुद्दाम हा कान नसलेला दाता शोधला, आणि तो माणूस एचआयव्हीतून बरा झालेला जगातला पहिला ठरला. २०२० मध्ये तो गेला, पण कॅन्सर उलटल्यामुळं, एचआयव्हीनं नाही.

एचआयव्हीची औषधं देणाऱ्या आपल्या सरकारी एआरटी सेंटरमध्ये मॅराविरॉक मिळत नाही, तिथं रोज एक गोळी असते, तीन औषधं एकत्र केलेली, आणि ती स्वस्त आणि भक्कम आहे. मॅराविरॉक द्यायच्या आधी पेशंटचा विषाणू कुठली कडी वापरतोय याची महागडी टेस्ट करावी लागते, ते आपल्याकडं परवडणारं प्रकरण नाही. पण मुद्दा सिद्ध झाला.

दुसरी कथा मला जास्त आवडते कारण ती चुकून घडली. एचआयव्ही कधी कधी दुसरा कान वापरतो, सीएक्ससीआर-४. तो बंद करायला एक औषध बनवलं. एचआयव्हीवर ते काही जमलं नाही, पोटातून घेतलं तर शोषलंच जात नव्हतं. पण धडधाकट माणसांवर चाचणी करताना एक विचित्र गोष्ट दिसली, इंजेक्शननंतर काही तासांत त्यांच्या पांढऱ्या पेशी भराभर वाढायच्या. आमच्या लॅबमध्ये असा रिपोर्ट आला असता तर आम्ही सॅम्पल बदललं म्हणून परत रक्त काढलं असतं! झालं काय होतं, तर हाडांच्या आत जिथं रक्त तयार होतं तिथं मूळ पेशी (ज्यांच्यापासून रक्तातल्या बाकी पेशी बनतात त्या) आणि पांढऱ्या पेशीही एका केमोकाइनच्या हाकेवर बांधून ठेवलेल्या असतात. घराच्या दारात आई उभी राहून "लांब जाऊ नको रे" म्हणत असते तसं. कान बंद केला, आईची हाक बंद, पोरं रस्त्यावर! बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी डॉक्टरांना नेमकं हेच पाहिजे असतं, मूळ पेशी हाडातून रक्तात आल्या की हाताच्या शिरेतून गोळा करता येतात. २००८ मध्ये ते औषध या कामासाठी मंजूर झालं, नाव प्लेरिक्साफॉर, आणि आज मल्टिपल मायलोमा आणि लिम्फोमा या कॅन्सरांच्या पेशंटांना ते खरोखर दिलं जातंय. त्याच कानात जन्मतः बिघाड असलेली, म्हणजे हाक कधी बंदच होत नाही असली माणसं असतात, पेशी हाडात अडकून पडतात, रक्तात कमी, सतत इन्फेक्शन आणि अंगावर चामखिळी. त्यांच्यासाठी २०२४ मध्ये अमेरिकेत याच जातीची तोंडानं घ्यायची गोळी मंजूर झाली.

जपानमध्ये २०१२ मध्ये सीसीआर-४ वरचं एक इंजेक्शन आलं, एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरसाठी, पण ते हाक बंद करत नाही, तो कान ज्या पेशीवर दिसेल तिला ओळखून मारतं. म्हणजे ते वॉरंट आहे, तोंड बांधणं नव्हे. सोडा.

आता मावशीच्या सांध्याकडं.

सांधेवातात २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत एकामागून एक प्रयत्न झाले. सांध्यात सीसीएल-२ भरपूर सापडतं म्हणून त्याला धरणारं इंजेक्शन केलं, पेशंटला फरक नाही. मग त्याचा कान सीसीआर-२ बंद करून बघितला, फरक नाही. सीसीआर-१ च्या गोळ्या केल्या, एखाददुसऱ्या चाचणीत थोडी आशा दिसली आणि मावळली. मॅराविरॉक तयारच होतं, तेही देऊन बघितलं, काही नाही. आतड्याच्या क्रोन्ससाठी सीसीआर-९ ची गोळी शेवटच्या टप्प्यापर्यंत गेली आणि २०१३ मध्ये तिथंच पडली. लिव्हरच्या आजारासाठी दोन कान एकदम बंद करणारी गोळी २०२० मध्ये शेवटच्या टप्प्यात थांबवली, उपयोग दिसेना. आणि यातल्या बऱ्याचशा उंदरांवर मस्त चालल्या होत्या बरं का. उंदराचा सांधेवात आपण सुई टोचून सोमवारी चालू करतो आणि औषध मंगळवारी देतो, मावशीचा वर्षानुवर्षं मुरलेला आहे. शिवाय उंदराची केमोकाइनंही हुबेहूब आपल्यासारखी नाहीत, न्यूट्रोफिलांना बोलवणारं ते सीएक्ससीएल-८ उंदराकडं नाहीच, तो दुसऱ्याच भावंडांवर भागवतो.

पण मुख्य कारण स्टँडवरच आहे. मावशीच्या आडगावाला जाणारी एकच मुक्कामाची गाडी आहे समजा, ती बंद केली की त्या गावाला कोण जाणार नाही. मूळ पेशी आणि हाड यांच्यात असं एक गाडीवालं नातं आहे, एचआयव्ही आणि सीसीआर-५ मध्येही तसंच, म्हणून तिथं एक दार लावलं की काम झालं. पण खानापूरला जाणाऱ्याला तुम्ही कसं अडवणार? एका कंडक्टरचं तोंड बांधलं, मागं दुसरी गाडी लागलेली आहे, लोंढ्याची गाडी आहे, रेल्वे आहे, आणि काहीच नाही मिळालं तर बाहेर वडाप उभंच आहे, पोरगा दारात लोंबकळत "चला खानापूर, दोनच सीट" ओरडतोय. सांध्यातली सूज म्हणजे खानापूर आहे. तिथं एका वेळी दहा-पंधरा केमोकाइन ओरडत असतात आणि एकाच न्यूट्रोफिलवर दोन-तीन कान असतात.

हे झालं एक. दुसरं जरा टेक्निकल आहे पण महत्त्वाचं. कान बंद करायचा म्हणजे शंभरातले पन्नास-साठ बंद करून भागत नाही. उरलेल्या थोड्या कानांवर पण पेशी व्यवस्थित चालते, कारण तिला फक्त दिशा कळायला पाहिजे. म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर कान, दिवसाचे चोवीस तास, बंद ठेवावे लागतात, आणि सुरुवातीच्या बऱ्याचशा औषधांचा डोस संध्याकाळपर्यंत उतरत होता असं आता जाणकार म्हणतात. म्हणजे काही ठिकाणी आयडिया चुकलीच नव्हती, कुलूप अर्धंच लागलं होतं. मला व्यक्तिशः हे थोडं हरलेल्या पैलवानाच्या स्पष्टीकरणासारखं वाटतं, पण पूर्ण खोटं पण नाही.

तिसरं म्हणजे शरीर उलट ओरडतं. सीसीएल-२ धरणारं इंजेक्शन कॅन्सरच्या पेशंटांना दिलं तर थोड्या दिवसांत रक्तातलं सीसीएल-२ आधीपेक्षा वर गेलं. आणि २०१४ मध्ये उंदरांवर दिसलं की असं औषध देऊन अचानक थांबवलं तर स्तनाच्या कॅन्सरच्या गाठी उलट जोरात पसरतात, कारण हाडात अडवून धरलेल्या पेशींचा लोंढा एकदम सुटतो. रेल्वेचं गेट बराच वेळ बंद ठेवून उघडल्यावर बेळगावच्या टिळकवाडीत जे होतं तेच.

मग सांधेवातात जे औषध चालतं ते कसं चालतं? टीएनएफ नावाचं प्रोटीन बंद करणारी इंजेक्शनं घ्या, महाग आहेत पण चालतात. टीएनएफ हे कंडक्टर नाही, तो डेपो मॅनेजर आहे. त्याच्या एका ऑर्डरवर अनेक केमोकाइन ओरडायला लागतात, त्यामुळं त्याला घरी बसवलं की पाच-सहा आवाज एकदम बसतात. आणि ती दांडी पकडायची गोष्ट सांगितली होती ना? आतड्याच्या आजारात हाक बंद करणारी गोळी पडली, पण आतड्यातच उतरणाऱ्या पेशींची दांडी धरायची पकड बंद करणारं इंजेक्शन, व्हेडोलिझुमॅब, २०१४ मध्ये मंजूर झालं आणि आजही चालू आहे. ओरडा किती ओरडायचं ते, उतरताच येत नाही. गाऊटवर शेकडो वर्षं वापरात असलेलं कोल्चिसिन तर पेशीच्या आतला सांगाडाच ढिला करतं, हाक ऐकू येते पण पाय चालत नाहीत. म्हणजे मावशीची आयडिया चूक नाही, तोंडाऐवजी थोडं वर नाहीतर थोडं खाली पकडलं तर जमतंय.

आणि सगळी तोंडं एकदम बांधता आली तर? हे ज्याला जमलंय तो मावशीच्या गोठ्यात राहतो.

दोन वर्षांमागं सुगीला मावशीकडं गेलो होतो. रानात तांबडी मुंगी चावली तर दोन मिनिटांत गांध, खाज, लालभडक. आणि बेळगावला परत आल्यावर तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना कमरेला हात लागला तर हरभऱ्याच्या डाळीएवढी गोचीड! तीन दिवस रक्त पीत बसलेली आणि मला पत्ता नाही. ना खाज, ना सूज. (चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढायची, उदबत्तीचा चटका द्यायचा नाही, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरला गोचीड चावल्याचं आवर्जून सांगायचं, आपल्या कर्नाटकात १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात सापडलेला तो मंगन कायिले म्हणजे माकडताप गोचिडीमुळंच होतो.)

मुंगीचं काम एका सेकंदाचं, चावली आणि गेली. गोचिडीला आठवडाभर एका जागी बसायचंय, आणि तिच्या तोंडाभोवती आपल्या पेशी गोळा झाल्या तर तिचं जेवण बंद. म्हणून तिच्या लाळेत बऱ्याच करामती असतात, आणि त्यातली एक म्हणजे इव्हॅसिन नावाची प्रोटीनं. कुत्र्यावरच्या साध्या तपकिरी गोचिडीत ती पहिल्यांदा ओळखली, २००७-०८ च्या सुमाराला. इव्हॅसिन पेशीचा कान बंद करत बसत नाही, ते सरळ हाकच हवेतल्या हवेत पकडतं. आणि एक नाही. एका जातीचं इव्हॅसिन न्यूट्रोफिलांना बोलवणारी केमोकाइन शोषतं, दुसऱ्या जातीचं वीसेक वेगवेगळी केमोकाइन एकटं शोषतं. लाळेत असली बरीच जणं मिसळलेली. म्हणजे स्टँड, रेल्वे, वडाप, सगळ्यांच्या तोंडात एकदम बोळा, पण फक्त तेवढ्या डाळीएवढ्या जागेत. बाकी शहराला कळत पण नाही.

गोचीड एकटी नाही. देवीच्या कुळातल्या बऱ्याचशा विषाणूंनी पण केमोकाइन शोषणारं प्रोटीन कमावलंय. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो आहे ना, आता लोक सकाळी फिरायला जातात तिथं, तिथं एकेकाळी वासरांच्या कातडीवर देवीची लस वाढवत होते. तिथं फेऱ्या मारताना ह्या विषाणूंच्या भाईबंदांनी आपल्या आधी कोणती विद्या शिकून ठेवलीय ते आठवतंय आणि जरा मजा वाटते. आपल्या लाल पेशींवर पण रक्तातली जादाची केमोकाइन टिपून घेणारा एक रेणू असतो, डफी नावाचा, त्यालाच धरून व्हायव्हॅक्स मलेरिया आत शिरतो. परत तोच प्रकार, कान काय आणि कडी काय.

तर आता ऑक्सफर्डला, ऑस्ट्रेलियात मोनॅश युनिव्हर्सिटीत, लोक या इव्हॅसिनांची मोडतोड करून बघालेत, कुठला तुकडा कुठली हाक पकडतो, दोन तुकडे जोडून पाहिजे तेवढ्याच हाका पकडणारं काही बनतंय का. उंदरांच्या सांध्यात, कातडीत, फुफ्फुसात सूज उतरलेली दिसली आहे. उंदरांचं मी वर सांगितलंच आहे. माणसाला द्यायचं तर दोन अडचणी समोरच दिसतात, एक तर गोचिडीचं प्रोटीन आपल्या शरीराला परकं, आपण त्याच्याविरुद्धच अँटिबॉडी करू, आणि दुसरं, सगळ्या हाका अंगभर बंद केल्या तर परत स्टेरॉईडसारखाच कर्फ्यू. गोचीड हुशार आहे ती एवढ्यासाठीच, तिला फक्त स्वतःच्या तोंडापुरतं पाहिजे. सांध्यातच टोचायचं, कातडीवर मलम लावायचं, असं काही जमलं तर बघू.

परवा मावशी आली तेव्हा रांग नव्हती, हे सगळं तिला सांगितलं. बसस्टँडचं तिला लगेच पटलं, सीसीआर-बिसीआर तिनं कानामागं टाकलं. गोचिडीवर मात्र बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्या म्हशीच्या काढून देतो की पाहिजे तेवढ्या, त्या सायेबास्नी पाठव."

सीआरपी या वेळी थोडं उतरलंय. डॉक्टरांनी गोळी तीच ठेवलीय, मेथोट्रेक्झेट, आठवड्यातून एकदाच, रविवारी. ती रोजची समजून घेतली तर जिवावर बेतते, म्हणून डबीवर मी मार्करनं मोठ्या मराठी अक्षरात "रविवार" लिहून दिलंय.